मुंबईत पास कधी परवडतो?

वाचकांचे प्रश्न : प्रवास

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच मुंबईतल्या तिकिटांविषयी आणि पासांविषयी होती. त्यांतली पाच निवडली आहेत. बेस्टचे आकडे मे २०२५ च्या दरवाढीनंतरचे आहेत.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे (मुलं ८ आणि १३ वर्षांची) तीन दिवस मुंबईला येतो आहोत. मुक्काम दादरला नातेवाइकांकडे. गेटवे, राणीची बाग, सिद्धिविनायक, जुहू आणि जमलं तर घारापुरी बघायची आहे. लोकलचं ‘टुरिस्ट तिकीट’ मिळतं म्हणे. चौघांसाठी तेच काढावं का?
— एक वाचक, परभणी

टुरिस्ट तिकीट आहे, आणि ते पश्चिम, मध्य, हार्बर अशा सगळ्या मार्गांवर कितीही वेळा चालतं. दुसऱ्या वर्गाचं एका दिवसाचं ७५-८० रुपयांच्या घरात, तीन दिवसांचं ११५-१२०, पाच दिवसांचं १३५-१४०. ऐकायला स्वस्तच वाटतं. पण आता साध्या तिकिटांची बेरीज करून बघा.

दादर ते सीएसएमटी दुसऱ्या वर्गाचं एकेरी तिकीट ५ रुपये. म्हणजे गेटवेच्या दिवशी लोकलचे जाऊन-येऊन १० रुपये. राणीच्या बागेसाठी भायखळ्याला उतरायचं, पुन्हा १०. जुहूसाठी विलेपार्ल्याला उतरून बस धरायची, तिथेही लोकलचे १० ते २०. सिद्धिविनायकाला लोकलची गरजच नाही. दादरहून चालत जाता येतं, नाही तर भुयारी मेट्रोने पुढचंच स्थानक. मोठ्या माणसाचा तीन दिवसांचा लोकलखर्च झाला ३०-४० रुपये. त्यासाठी ११५ रुपयांचं तिकीट कशाला? आठ वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट पडेल (५ ते १२ वर्षं अर्धं, पाचच्या आत मोफत), तेराच्या मुलाला पूर्ण.

मुंबईची लोकल इतकी स्वस्त आहे, की चार दिवसांच्या पाहुण्याला दुसऱ्या वर्गाच्या पासात पैसे वाचवणं जवळजवळ अशक्य आहे. वाचते ती रांग. खिडकीवर सकाळी वीस मिनिटं जाऊ शकतात, आणि तुम्हाला दिवसातून तीन-चारदा तिकीट काढायचं असेल तर ही वीस मिनिटं जड पडतात. पण त्यावर तोडगा वेगळा आहे. रेल्वेचं ‘रेलवन’ ॲप घरीच फोनमध्ये टाकून, नोंदणी करून, वॉलेटमध्ये शे-दोनशे रुपये भरून या. ॲपवर तिकीट काढताना दोन गोष्टी नडतात. पहिली : फलाटावर पोचल्यावर तिकीट काढायला गेलात तर ॲप नकार देतं, कारण ते तुमची जागा तपासतं. तिकीट स्टेशनबाहेर रस्त्यावर असतानाच काढायचं, आणि काढल्यापासून तासाभरात प्रवास सुरू करायचा. दुसरी : तिकीट ॲप उघडूनच दाखवावं लागतं. स्क्रीनशॉट टीसी मान्य करत नाही, आणि फोन बंद पडला तर तुम्ही विनातिकीट. दिवसभर फोटो काढणाऱ्या कुटुंबाने चौघांची तिकिटं एकाच फोनवर ठेवू नयेत.

टुरिस्ट तिकीट परवडतं ते पहिल्या वर्गात आणि लांबच्या मुक्कामाला. समजा मुक्काम ठाण्याला असता. ठाणे ते सीएसएमटी पहिल्या वर्गाचं एकेरी भाडं ८५ रुपयांच्या आसपास आहे. तीन दिवस जाऊन-येऊन ५१० रुपये. पहिल्या वर्गाचं तीन दिवसांचं टुरिस्ट तिकीट ४१५ ते ४४० मध्ये येतं, शिवाय मधल्या उड्या फुकट. तिथे ते डोळे मिटून काढावं. खिडकीवर मागताना ‘टुरिस्ट तिकीट, तीन दिवसांचं, फर्स्ट क्लास’ असं सगळं एका दमात सांगा. हे तिकीट फारसं कोणी मागत नाही. नुसतं ‘तीन दिवसांचा पास’ म्हटलंत तर बाबू ‘पास महिन्याचाच असतो’ म्हणून पुढच्या माणसाला बोलावेल. मिळालेल्या तिकिटावरची तारीख खिडकीपाशीच वाचून घ्या.

बेस्टचा दिवसाचा पास ७५ रुपयांचा, फेऱ्या कितीही. साध्या बसचं पाच किलोमीटरपर्यंतचं भाडं १० रुपये, एसी बसचं १२. तेव्हा आखूड अंतराच्या सात एसी फेऱ्या झाल्या तर पास सुटतो. तुमच्या बेतात तो कुठल्याच दिवशी सुटत नाही. सीएसएमटीहून गेटवेला बसने १०-१२ रुपयांत किंवा फोर्टच्या इमारती बघत पायी जा. पायी जाणं जास्त बरं. घारापुरीची लाँच कुठल्याही पासात येत नाही.

आणि वार सांभाळा. घारापुरी सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी बंद, सिद्धिविनायकाला मंगळवारी रांग. मध्य आणि हार्बर मार्गांवर रविवारी सकाळी अकराच्या सुमारास मेगाब्लॉक सुरू होतो तो दुपारी चारपर्यंत असतो. त्या वेळात गाड्या कमी, उशिरा आणि भरलेल्या. आदल्या संध्याकाळी ब्लॉकचं वेळापत्रक बघून ठेवा.

प्रश्न : वडिलांना परळच्या टाटा रुग्णालयात सहा आठवडे रेडिएशनसाठी न्यायचं आहे, आठवड्याचे पाच दिवस. राहणं डोंबिवलीला बहिणीकडे. रोज तिकीट काढावं की पास? तीन महिन्यांचा पास स्वस्त पडतो का?
— एक वाचक, जळगाव

पास, आणि तोही पहिल्याच दिवशी. टुरिस्ट तिकिटाच्या बरोबर उलट हिशेब इथे आहे. दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास साधारण १५ ते २० एकेरी भाड्यांइतका असतो. रोज दोन फेऱ्या धरल्या तर आठ-दहा दिवसांत तो वसूल होतो, पुढचे दिवस फुकट. सहा आठवड्यांत तुमचे ३० दिवस, म्हणजे माणशी ६० फेऱ्या.

तीन महिन्यांचा पास महिन्याच्या २.७ पट असतो (सहा महिन्यांचा ५.४ पट, वर्षाचा १०.८ पट). तुम्हाला लागतात दीडच महिने, तेव्हा महिन्याचे दोन पास काढणं स्वस्त. पहिला संपल्यावर उरलेल्या दोन आठवड्यांसाठी सुटी तिकिटं काढण्याचा मोह होईल. पण त्या दहा दिवसांच्याही २० फेऱ्या होतात, त्यामुळे दुसरा पासच काढा. मध्येच मशीन बंद राहून किंवा ताप येऊन उपचार लांबतात, तेव्हाही तो हाताशी असतो.

पहिल्या वर्गाचं गणित तर आणखी वेगळं. मे २०२२ मध्ये पहिल्या वर्गाची एकेरी भाडी उतरली, तरीही ती दुसऱ्या वर्गाच्या पाच-सहा पट आहेत. महिन्याचा पास मात्र दुसऱ्या वर्गाच्या पासाच्या तीन-साडेतीन पटच. म्हणजे आठ-दहा फेऱ्यांतच तो फिटतो. उपचाराच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात वडिलांचा थकवा वाढेल, तेव्हा बसायला जागा मिळण्याची शक्यता थोडी तरी वाढावी म्हणून निदान त्यांचा पास पहिल्या वर्गाचा काढावा असं आम्हाला वाटतं. पण मग सोबत जाणाऱ्याचाही त्याच वर्गाचा लागेल, नाही तर डबे वेगळे होतील.

त्याआधी दिव्यांगांच्या डब्याचा विचार करा. मुंबई लोकलमध्ये कर्करुग्णांना त्या डब्यातून जाता येतं. रुग्णालयाचं ओळखपत्र किंवा फाइलचं पहिलं पान जवळ ठेवा. डब्यातले लोकच आधी विचारतात. कर्करुग्ण आणि सोबतचा एक जण यांना रेल्वे भाड्यात सवलतही असते. जळगावहून येण्या-जाण्याच्या तिकिटासाठी सवलतीचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्या. नोंदणीच्या दिवशीच मागितला तर पुन्हा रांग लागत नाही.

पास काढताना खिडकीवर फोटो असलेलं ओळखपत्र न्या. त्या ओळखपत्राचा क्रमांक पासावर पडतो, आणि तपासणीत दोन्ही दाखवावे लागतात. पास ज्याच्या नावाचा त्यानेच वापरायचा. एके दिवशी भाऊ सोबत आला तर त्याचं वेगळं तिकीट. डोंबिवली–परळऐवजी डोंबिवली–सीएसएमटी पासाची किंमत विचारून बघा. भाडी टप्प्यांची असल्याने फरक किरकोळ निघू शकतो, आणि मधल्या कुठल्याही स्टेशनवर उतरता येतं.

जलद लोकल सहसा परळला थांबत नाही. ती दादरला सोडून धीम्या लोकलने एक स्टेशन पुढे यायचं. सकाळी आठ ते साडेदहा दादरच्या जिन्यावर वडिलांना घेऊन जाणं त्रासाचं आहे. रेडिएशनची वेळ देताना विचारलं तर दुपारची मागा. नाही मिळाली तर डोंबिवलीहूनच धीमी गाडी धरा. वेळ जास्त जाईल, पण गाडी बदलावी लागणार नाही.

प्रश्न : ‘मुंबई १’ कार्ड घेतलं की मेट्रो, बस, लोकल सगळीकडे चालतं असं ऐकलं. बोरिवलीला चार दिवस राहणार आहोत. मेट्रोचा ८० रुपयांचा दिवसाचा पास घ्यावा का?
— एक वाचक, कोल्हापूर

आधी नावांचा घोळ. ‘मुंबई १’ हे कार्ड आहे, मेट्रो २अ आणि ७ च्या स्थानकांवर मिळणारं. ‘मुंबई वन’ हे ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेलं ॲप आहे. त्यात मेट्रो, बस आणि लोकल अशी तिकिटं एकाच जागी काढता येतात. पण एकाच जागी काढली म्हणून भाडी कमी होत नाहीत. मेट्रोचं मेट्रोला, बसचं बसला, बेरीज तीच. कार्ड मेट्रोच्या गेटवर चालतं, लोकलला चालत नाही.

मेट्रो चालवणाऱ्या संस्थाही तीन. वर्सोवा–घाटकोपर ही मार्गिका १, दहिसर–अंधेरी या २अ आणि ७, आणि आरे–कफ परेड भुयारी मार्गिका ३. तुम्ही म्हणता तो ८० रुपयांचा अमर्याद फेऱ्यांचा पास (तीन दिवसांचा २००) फक्त २अ आणि ७ वर चालतो. अंधेरी पश्चिमेला उतरून पुलावरून डी. एन. नगरला गेलात किंवा गुंदवलीहून पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानकात शिरलात, की दुसऱ्या संस्थेचं गेट आणि नवं भाडं.

२अ आणि ७ वर तीन किलोमीटरपर्यंत १० रुपये, बारापर्यंत २०, अठरापर्यंत ३०, आणि त्यापुढे अंतराप्रमाणे जास्त. ८० रुपये फिटायला २० च्या चारहून जास्त फेऱ्या हव्यात. पाहुण्याला उपनगरात दिवसातून पाच वेळा मेट्रोने कुठे जायचं असतं? घेऊ नका. फोनवर क्यूआर तिकीट काढा किंवा साधं कार्ड भरा. कार्डावर थोडी सूटही मिळते.

कार्ड घेणार असाल तर त्याची एक खोड समजून घ्या. पैसे कार्डाच्या चिपमध्ये असतात, बँकेत नव्हे. ॲपवरून रिचार्ज केलं की खात्यातून पैसे जातात, पण चिपवर चढत नाहीत. त्यासाठी स्थानकातल्या मशीनवर किंवा खिडकीवर कार्ड लावून शिल्लक अद्ययावत करावी लागते. हे न करता थेट गेटवर गेल्याने ‘पैसे गेले आणि गेट उघडेना’ अशी तक्रार होते. चिपमध्ये २,००० रुपयांहून जास्त राहत नाहीत. आणि एका कार्डावर एकच माणूस : नवऱ्याने आत जाऊन कार्ड मागे दिलं तर बायकोसाठी गेट उघडणार नाही, कारण कार्डाच्या लेखी माणूस आधीच आत गेला आहे. तुम्ही दोघं असाल तर दोन कार्डं. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला तिकीट लागत नाही.

भुयारी मेट्रोसाठी फोनवरचं तिकीट रस्त्यावर असतानाच काढा. जिना उतरल्यावर नेटवर्कचा भरवसा धरू नये.

प्रश्न : साध्या तिकिटावर एसी लोकलमध्ये चढलो तर फरक भरून चालतं का?
— एक वाचक, नांदेड

नाही. भाड्यातला फरक आणि वर किमान २५० रुपये दंड. दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर पहिल्या वर्गात बसलात तरी तेच, आणि ‘गर्दीत कळलं नाही’ हे टीसीने दिवसातून शंभरदा ऐकलेलं असतं. पहिल्या वर्गाच्या डब्यावर तिरके पट्टे असतात, फलाटावरही ती जागा रंगवलेली असते. एसी लोकलची खूण इंडिकेटरवर येते. दारं बंद असलेली गाडी समोर थांबली तर चढण्याआधी हातातलं तिकीट बघा. टुरिस्ट तिकीटही तिथे चालत नाही.

प्रश्न : आजी ७८ वर्षांच्या. एसटीत त्यांना तिकीट नाही, आईला अर्धं. मुंबईतही तसंच ना?
— एक वाचक, बीड

नाही. ७५ पुढच्यांना मोफत आणि महिलांना अर्धं तिकीट ही सवलत एसटी महामंडळाच्या गाड्यांतली आहे. बीडहून मुंबईपर्यंत ती मिळेल. पुढे बेस्टच्या बसमध्ये कंडक्टरला एसटीचं कार्ड दाखवून उपयोग नाही. लोकलमध्ये दोघींचं पूर्ण तिकीट काढा. मेट्रो २अ आणि ७ वर ६५ पुढच्यांना २५ टक्के सूट आहे, पण ती ४५ किंवा ६० फेऱ्यांच्या महिन्याच्या पासावर, तेव्हा पाहुण्या आजींना तिचा उपयोग नाही. मुंबईनंतर नाशिक, शिर्डी असं फिरायचं असेल तर एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास चार आणि सात दिवसांचा मिळतो. आजींना प्रवास फुकट आणि आईला निम्मा असताना तो तुमच्या एकट्यापुरताच काढायचा की नाही, तेवढं बघा.