सामाजिक बाबतीत सरकारने कायदे करावेत का? परंपरावादी काका बरोबर की उदारमतवादी मी?

तुम्ही लिहिलंय की काका म्हणतात, "सरकारने लोकांच्या घरात नाक खुपसू नये," तुम्ही म्हणता, "कायद्याशिवाय समाज हलत नाही," आणि वाद दर वेळी इथेच अडतो. हाच वाद पुण्यात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी याच्या दसपट कडाक्याने झाला होता. म्हणून आधी तिकडे जाऊ.

1890 मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याने केलेल्या शरीरसंबंधामुळे मेली. नवरा पस्तिशीचा. दंडसंहितेत संमतिवय (त्याखालच्या मुलीशी, ती पत्नी असली तरी, संबंध म्हणजे बलात्कार) 10 होतं आणि ती त्यापुढे गेलेली, त्यामुळे बलात्काराचा गुन्हा लागूच झाला नाही. मुंबईचे पारशी पत्रकार आणि सुधारक बेहरामजी मलबारी 1884 पासून बालविवाहाविरुद्ध लिहीत होतेच. 1891 च्या जानेवारीत हे वय 12 करणारं विधेयक आलं, मार्चमध्ये कायदा झाला.

टिळक विरोधात, आगरकर बाजूने. डोंगरीच्या तुरुंगात एकत्र राहिलेले दोन मित्र! आगरकरांनी 'केसरी' सोडून 1888 मध्ये 'सुधारक' काढला तो सामाजिक सुधारणांबद्दलच्या अशाच मतभेदांपायी. संस्कृतचे पंडित आणि सुधारक रा. गो. भांडारकरांनी विधेयक शास्त्रांच्या विरुद्ध नाही हे संस्कृत वचनं काढून दाखवायला घेतलं. सुधारकांनाही धर्मग्रंथांचा हात सोडवत नव्हता, हे जाता जाता.

टिळक बालविवाहाचे भोक्ते होते म्हणून विरोध करत होते, असं मात्र समजू नका. त्यांनी सुधारकांपुढे उलट प्रस्ताव ठेवला: मुलीचं लग्न सोळाच्या आत नाही, मुलाचं विसाच्या आत नाही, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न करायचंच तर विधवेशी, हुंडा नाही, केशवपन नाही. ज्यांना सुधारणा हवी त्यांनी आधी हे स्वतःवर बंधनकारक करून घ्यावं. विधेयकाच्या 12 पेक्षा हे कितीतरी पुढचं. त्यांची मुख्य हरकत होती ती परक्या सरकारच्या हाती घराची किल्ली देण्याला.

म्हणजे इथे दोन प्रश्न आहेत. अमुक गोष्ट चांगली की वाईट, हा एक. ती सरकारने दंडुक्याने थांबवावी का, हा दुसरा. तुम्ही पहिल्यावर बोलताय, काका दुसऱ्यावर, मग भेट होणार कशी?

माझं मत विचाराल तर या प्रकरणात मी आगरकरांच्या बाजूचा. स्वेच्छेचा मार्ग प्रौढांसाठी ठीक. पण दहा वर्षांच्या मुलीने कुठल्या प्रतिज्ञापत्रावर सही करायची? जिथे सोसणाऱ्याला नकार देताच येत नाही, तिथे घराचा उंबरठा ही सबब चालत नाही. आता, त्या कायद्याखाली फारसे खटले झाले नाहीत हे खरं. पण रेघ सरकत गेली. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीचं लग्नाचं वय 14 केलं, 1978 मध्ये ते 18 झालं, आणि अल्पवयीन पत्नीशी संबंध हा बलात्कारच, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटलं.

पण हीच कसोटी उलटीही लागते. 2021 मध्ये मुलींचं लग्नाचं वय 21 करण्याचं विधेयक केंद्राने आणलं, तेव्हा स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या कित्येक जणींनीच विरोध केला. कारण अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीने लग्न करते, तेव्हा असा कायदा बहुधा तिच्या बापाच्या हातातलं हत्यार होतो. इथे उदारमतवादीच म्हणत होते, सरकारने यात पडू नये.

आणि उत्तराखंड पाहा. तिथल्या समान नागरी कायद्यानुसार लग्नाविना एकत्र राहणाऱ्या जोडप्यानेही सरकारदरबारी नोंद करायची. महिन्याभरात केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दोघेही सज्ञान, दोघांची मर्जी, तरी सरकार दारात! परंपरा जपण्याच्या नावाने या तरतुदीचं स्वागत करणारे कमी नाहीत. 'परंपरावादी म्हणजे सरकार कमी, उदारमतवादी म्हणजे सरकार जास्त' हा अमेरिकी साचा आपल्याकडे म्हणूनच बसत नाही.

पुढच्या वेळी काकांना या नोंदणीबद्दल विचारा. ते विरोधात असतील तर माणूस तत्त्वाचा आहे, त्यांच्याशी वाद घालण्यात मजा आहे. फक्त तेही तुम्हाला 21 वयाबद्दल विचारतील, तेव्हा उत्तर तयार ठेवा.