विमानात जागा रिकाम्या असताना माइल्सवर (विमान कंपनीच्या सदस्यांना मिळणाऱ्या पॉइंट्सवर) बिझनेस क्लासचं तिकीट का मिळत नाही?

कारण रिकामी सीट आणि अवॉर्ड सीट, म्हणजे माइल्सवर मिळणारी सीट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीट मॅपवर आठ जागा मोकळ्या दिसल्या, तरी कंपनीने माइल्सच्या कोट्यात एकही सोडलेली नसू शकते. हा कोटा बुकिंग क्लासच्या, म्हणजे तिकिटाच्या प्रकाराच्या, अक्षरावर चालतो: स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात भागीदार कंपनीच्या माइल्सवर बिझनेस साधारणपणे 'आय'मधून आणि इकॉनॉमी 'एक्स'मधून मिळते, वनवर्ल्ड या दुसऱ्या गटात बिझनेस 'यू'मधून. त्या अक्षरापुढे शून्य असेल, म्हणजे कोट्यात सीटच नसेल, तर खात्यात कितीही माइल्स असोत, तिकीट निघत नाही. मी घरच्यांची तिकिटं अशीच काढतो, आणि आधी हे अक्षरच तपासतो.

शोधायचं कधी? वेळापत्रक खुलं होतं तेव्हा, म्हणजे सुमारे ११ महिने आधी, आणि नंतर थेट शेवटच्या दोन आठवड्यांत, न विकलेल्या जागा सोडतात तेव्हा. तारीख एक-दोन दिवस मागेपुढे करून पाहाच. दोन जागा हव्या असतील तर एकेक सीटही शोधा. दोघांसाठी शोधल्यावर उरलेली एकटी सीट यादीत येतच नाही.

मात्र प्रत्येक कंपनी भागीदारांना सारखंच देत नाही. सिंगापूर एअरलाइन्स लांब पल्ल्याच्या बिझनेसच्या बहुतेक अवॉर्ड सीट स्वतःच्या क्रिसफ्लायर या माइल्स योजनेच्या सदस्यांसाठीच ठेवते. म्हणून सीट डोळ्यांनी दिसेपर्यंत क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स कुठल्याही कंपनीच्या माइल्समध्ये ट्रान्सफर करू नका, ते सहसा परत येत नाहीत.