लिस्टर म्हणजे रंगारी

ऑगस्टमध्ये इकडे इंग्लंडात ब्रॅडफर्डला येताय आणि इथल्या मास्तरांची जीभ अडखळू नये म्हणून मुलाचं ‘धर्माधिकारी’ आधीच आखूड करून घ्यावं का, असं विचारलंय तुम्ही. व्हिसाचं वगैरे सरकारी वेबसाइटवर सगळं आहे, ते मी उगाळत नाही.

आम्ही रंगारी. पासपोर्टवर माझ्या नावाला वडिलांचं नाव चिकटलेलं. बँकेच्या कार्डावर एक नाव, वीजबिलावर दुसरं, आणि दोन्ही माणसं मीच हे पटवण्यात पहिला हिवाळा गेला. माझ्या मुलाच्या शाळेतल्या बाईंनी ‘रंगारी’ तीनदा म्हणून पाहिलं, हसल्या आणि म्हणाल्या, नुसतं ‘रँग’ चालेल का? मी म्हटलं, चालेल की. जबरदस्ती कुणीच केली नव्हती, तेच खुपतं. पोहण्याच्या प्रमाणपत्रावरही तेच छापून आलं.

त्याच्या वर्गात एक लिस्टर होता. मला वाटायचं, याद्या करणाऱ्याचं घराणं असेल! तर नाही. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत, ‘लिता’ म्हणजे रंगवणं. व्हायकिंगांबरोबर हा शब्द उत्तर इंग्लंडात आला, त्यातून लिटस्टर, मग लिस्टर. दक्षिणेत त्याच कामाचा माणूस डायर. हे ‘स्टर’ मुळात बायकांच्या कामाला लागायचं, वेबस्टर म्हणजे विणणारी. इकडे ते पुरुषांनाही चिकटलं. पुढे आडनाव बापाकडून मुलाकडे जायला लागलं, धंदा सुटला, नाव राहिलं.

म्हणजे रंगारीच! आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मॅनिंगहॅमच्या लिस्टर मिलचं २४९ फुटी धुराडं दिसतं. शेजारच्या हॅलिफॅक्सला शिब्डेन हॉल, डायऱ्या लिहिणाऱ्या ॲन लिस्टरचं घर. चूळ भरायच्या लिस्टरीनला १८७९ मध्ये नाव दिलं ते सर्जन जोसेफ लिस्टरवरून. आणि मामाच्या पिठाच्या गिरणीत धडधडायचं ते लिस्टर इंजिन! लहानपणापासून हे नाव मी एकदाही न चुकता उच्चारत आलोय. ‘नुसतं लिस्ट चालेल का’ असं त्यांना कुणी विचारलं नाही.

धर्माधिकारी पूर्ण लिहा. फॉर्मचे चौकोन पुरतात, मी मोजलेत.

एकटेपणाचं म्हणाल तर येतो, सवय होते, पुढे.

मुलगा आता सतराचा आहे. परवा त्याला लिस्टरचा अर्थ सांगितला. मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, “कूल.” त्याच्या ईमेलच्या पत्त्यात अजून रँगच आहे.