वाचकांचे प्रश्न : खोटे वर्तमानपत्र, खरे संगीत

या महिन्याच्या टपालात खानदेशातून आलेली बरीचशी पत्रे एकाच अल्बमविषयी आहेत. जेथ्रो टल या इंग्लिश बँडचा, मार्च १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेला 'थिक ॲज अ ब्रिक' हा तो अल्बम. पत्रे वेगवेगळ्या गावांची असली तरी त्यांतील वाद एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की त्यांना एकत्रच उत्तरे देणे सोयीचे वाटले.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र हिवाळ्यात शेतावर भरिताचा बेत करतो तेव्हा हा अल्बम हमखास लावतो, आणि दर वेळी वाद होतो. एकाचे म्हणणे असे की ही सगळी टिंगल आहे, त्यामुळे ती गंभीरपणे ऐकण्यात अर्थ नाही. दुसरा म्हणतो की एकाच संकल्पनेवर उभा राहिलेला यापेक्षा मोठा अल्बम झालाच नाही. यांत खरे कोण?
(एक वाचक, जळगाव)

उत्तर : आपले दोन्ही मित्र अर्धे बरोबर आहेत, आणि दोघांनाही आपला अर्धा भाग पुरेसा वाटतो, हीच अडचण आहे. १९७१ मध्ये या बँडचा 'ॲक्वालंग' प्रसिद्ध झाला तेव्हा समीक्षकांनी त्याला संकल्पनाधारित अल्बम ठरवून टाकले. बँडचे गायक, बासरीवादक आणि मुख्य गीतकार इयान अँडरसन यांना हे मुळीच मान्य नव्हते. त्यांच्या मते ती सुटी गाणी होती. तुम्हाला संकल्पनाच हवी असेल तर घ्या पोटभर, अशा थाटात त्यांनी पुढचा अल्बम रचला. त्यात गाणे एकच, तेही सुमारे ४४ मिनिटांचे, आणि तबकडी उलटावी लागते म्हणूनच काय ते मध्ये तुटलेले. 'येस' आणि 'इमर्सन, लेक अँड पामर' यांच्यासारख्या त्या काळच्या बँडांना जो भव्यपणाचा सोस होता, त्याचीही यात थट्टा आहे.

म्हणजे हेतू विडंबनाचा होता, यात शंका नाही. मात्र विडंबन करणाऱ्याला मूळ वृत्त मूळ कवीइतकेच पक्के यावे लागते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. केशवकुमारांची 'झेंडूची फुले' टिकली ती त्यांचे छंद कुठे लंगडत नाहीत म्हणून. जेथ्रो टलनेही नेमके हेच केले. पहिल्या बाजूची सुरुवात एकट्या अकूस्टिक गिटारने आणि हलक्या आवाजातील गाण्याने होते, मध्ये बासरी डोकावते, आणि साधारण तीन मिनिटांनंतर ऑर्गन, ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार एकदम अंगावर येतात. पुढे चाल बदलते, लय बदलते, एक कडवे संपते न संपते तोच दुसरी धून त्याच्या खांद्यावर उभी राहते, तरीही सुरुवातीची धून अधूनमधून अशा बेताने परत येते की ऐकणारा वाट चुकत नाही. अल्बमच्या अगदी शेवटी तंतुवाद्यांचा मोठा झोत येऊन जातो आणि पुन्हा तीच शांत गिटार उरते. थट्टेसाठी एवढे कष्ट कोणी घेत नाही, असे आपल्या दुसऱ्या मित्राने म्हणावे. थट्टा चांगली व्हायची तर एवढे कष्ट घ्यावेच लागतात, असे मी म्हणेन.

हे कष्ट घाईत घेतलेले होते, हे विशेष. डिसेंबर १९७१ मध्ये लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. त्याआधीच्या तालमींच्या दिवसांत अँडरसन पहाटे उठून त्या दिवसापुरता तुकडा लिहीत आणि बँड तो त्याच दिवशी बसवीत असे. ड्रमवादक बॅरीमोर बार्लो यांचा तर या बँडसोबतचा हा पहिलाच पूर्ण अल्बम होता. आपल्या मित्रांनी पुढच्या वेळी वादापूर्वी फक्त बार्लोंचे ड्रम लक्ष देऊन ऐकावेत, असे सुचवतो.

प्रश्न : गाण्याचे शब्द जेराल्ड बोस्टॉक नावाच्या आठ वर्षांच्या मुलाचे आहेत, असे अल्बमवर लिहिले आहे. इतक्या लहान मुलाला असे कडवट शब्द सुचणे शक्य आहे का? मी प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून विचारते.
(एक शिक्षिका, धरणगाव)

उत्तर : बाई, आपली शंका रास्त आहे. जेराल्ड बोस्टॉक कधी जन्मालाच आला नाही. शब्द अँडरसन यांचेच आहेत. तबकडीचे वेष्टन एखाद्या वर्तमानपत्रासारखे छापलेले होते; त्यावरील बातमीनुसार 'लिटल मिल्टन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मुलाला एका कवितास्पर्धेत बक्षीस मिळाले, पण त्याने टीव्हीवर कविता वाचताच तक्रारी आल्या आणि परीक्षकांनी त्याला बाद केले. मोठ्यांच्या जगाला बोल लावणारे शब्द एका मुलाच्या तोंडी घातल्यामुळे अँडरसन यांना दोन्हीकडून सुटका मिळाली. कविता चांगली वाटली तर ती त्यांची, आणि अवजड वाटली तर ती आठ वर्षांच्या पोराची.

आपण धरणगावच्या, म्हणून थोडे विषयांतर करतो. आपल्याच गावी जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' ही पदवी मिळाली, तेव्हा ते जेमतेम सोळा-सतरा वर्षांचे होते. कोवळ्या वयाच्या कवीचे कौतुक करण्याची हौस मोठ्यांना सगळीकडेच असते. फरक इतकाच की ठोमऱ्यांच्या कवितेने ते कौतुक पेलले, तर इंग्लंडात त्या हौसेचीच खिल्ली उडवली गेली.

प्रश्न : जेथ्रो टल हे बँडमधील कोणाचे नाव आहे? माझ्या मुलाने हा प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आले नाही.
(एक केळी बागायतदार, रावेर)

उत्तर : बँडमध्ये या नावाचा कोणीच नव्हता, आणि उत्तर आपल्याच व्यवसायातले आहे. जेथ्रो टल (१६७४–१७४१) हे इंग्लंडमधील शेतीसुधारक होते. १७०१ च्या सुमारास त्यांनी घोड्याने ओढायचे पेरणीयंत्र तयार केले. ते एका वेळी तीन ओळी पेरत असे. आपल्याकडची तिफणही तीनच ओळी पेरते, परंतु तिच्यात चाड्यावर मूठ धरणाऱ्या माणसाच्या हाताचा अंदाज चालतो, तर टल यांच्या यंत्रात खाचा असलेला फिरता दंडगोल बी मोजून खाली सोडत असे. बँडचे म्हणाल तर सुरुवातीच्या दिवसांत त्याला पुन्हा कार्यक्रम मिळणे कठीण जाई, म्हणून तो दर वेळी नवे नाव घेऊन उभा राहायचा. कार्यक्रम मिळवून देणाऱ्या संस्थेतील इतिहासाची आवड असलेल्या कोणीतरी हे नाव सुचवले, आणि लंडनच्या मार्की क्लबने ज्या नावाला पुन्हा बोलावले ते हेच निघाले. तेव्हापासून तेच चिकटले.

प्रश्न : माझ्या मोबाइलवर हा अल्बम आहे, पण मुखपृष्ठाच्या जागी वर्तमानपत्राचे एक पुसट चित्र दिसते आणि त्यातले अक्षरही वाचता येत नाही. जुने रसिक म्हणतात की ते वर्तमानपत्र वाचल्याशिवाय अल्बम ऐकूच नये. हा हट्ट नाही का?
(एक महाविद्यालयीन विद्यार्थी, धुळे)

उत्तर : हट्ट आहे, पण मला तो मान्य आहे. मूळ तबकडीचे वेष्टन म्हणजे 'द सेंट क्लीव्ह क्रॉनिकल' या काल्पनिक गावपत्राचा उलगडून वाचता येणारा बारा पानी अंक होता. त्यावर ७ जानेवारी १९७२, शुक्रवार अशी तारीख आहे. पहिल्या पानावर जेराल्डच्या बक्षिसाचा गोंधळ, आत गावातील किरकोळ घडामोडी, शब्दकोडे, ठिपके जोडून करायचे चित्र आणि खुद्द या अल्बमचे परीक्षणसुद्धा. अँडरसन, बासवादक जेफ्री हॅमंड आणि कीबोर्डवादक जॉन इव्हान यांनी मिळून हा मजकूर लिहिला, आणि संगीतापेक्षा या कागदालाच अधिक वेळ लागला, असे अँडरसन यांनी पुढे सांगितले आहे.

तिघेही ब्लॅकपूलचे, पोरवयापासून एकत्र वाजवणारे. गावपत्रात बातमी कशी फुगते, कोणाचे नाव चुकते, कोणता सत्कार अर्धे पान खातो, हे त्यांना आतून ठाऊक होते. जिल्ह्याच्या दैनिकात वाढदिवसाच्या शुभेच्छा, दशक्रियेची सूचना, केळीचे भाव आणि नगरसेवकाचे निवेदन एकाच पानावर वाचत वाढलेल्या आपल्यासारख्यांना तर हा विनोद लंडनकरांपेक्षाही लवकर कळावा. शिवाय कागदावरची थट्टा आणि तबकडीवरची थट्टा एकाच पद्धतीने चालते. दोन्हीकडे क्षुल्लक गोष्ट पूर्ण गांभीर्याने, कुठेही डोळा न मिचकावता मांडलेली आहे. मोबाइलवर ऐकणाऱ्याला यातले फक्त गांभीर्य मिळते आणि मग अल्बम फुगलेला वाटू लागतो.

आपणास खर्च परवडत असेल तर २०१२ मध्ये, चाळीस वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त निघालेली आवृत्ती पाहावी. स्टीव्हन विल्सन यांनी त्यात मूळ ध्वनिमुद्रणाचे नव्याने मिश्रण केले आहे, त्यामुळे जुन्या प्रतीत ऑर्गनखाली दबलेली गिटार स्वच्छ ऐकू येते.

प्रश्न : मी बासरी शिकतो. अँडरसन यांचे वादन मी गुरुजींना ऐकवले, तेव्हा ते म्हणाले की हा गृहस्थ अर्धी फुंकर वाया घालवतो. मला तर तेच वादन आवडते. आता काय करू?
(एक वाचक, भुसावळ)

उत्तर : गुरुजींचे निरीक्षण अचूक आहे, निष्कर्षाशी मात्र मी सहमत नाही. आपल्या बांबूच्या बासरीत बोट भोकावरून अलगद सरकवून मींड काढता येते, आणि म्हणूनच फुंकर सलग व स्वच्छ असावी लागते. पाश्चात्त्य धातूच्या बासरीत भोके चाव्यांनी झाकली जातात. शिवाय अँडरसन यांना इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम यांच्यावर मात करून ऐकू जायचे होते. १९६७ मध्ये गिटार सोडून त्यांनी बासरी घेतली ती कोणाकडेही न शिकता. अमेरिकी जॅझवादक राहसान रोलंड कर्क यांच्यासारखे फुंकताफुंकता घशातून गुणगुणणे आणि श्वासाचा खरखरीत आवाज मुद्दाम सोडणे, ही त्यांची शैली झाली. ती फुंकर वाया जात नाही. ती तालवाद्याचे काम करते. या अल्बममध्ये बासरी आणि ऑर्गन एकमेकांवर धावून जातात तेथे हे स्पष्ट कळते.

गंमत अशी की त्यांची बोटेही चुकीची पडत होती. बऱ्याच वर्षांनी त्यांची मुलगी बासरी शिकू लागली तेव्हा हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी बोटांची मांडणी नव्याने घटवली. तेव्हा आपण ऐकणे चालू ठेवावे, पण बोटे गुरुजी सांगतील तशीच ठेवावीत.

आपल्याच पत्रात आपल्या तबलावादक मित्राची तक्रार आहे की या अल्बममध्ये सम सापडत नाही. त्यांना सांगा की मात्रा मोजत बसू नका. कारण एकच ठेका आवर्तनाने चालवण्याचा येथे इरादाच नाही. सुरुवातीची गिटारची धून जेथे परत येते, तेवढीच सम धरावी.

प्रश्न : हा अल्बम रंगमंचावर कसा सादर करीत असत?
(एक वाचक, अमळनेर)

उत्तर : १९७२ च्या दौऱ्यात तो सलग, थोडा वाढवून वाजवला जात असे आणि कार्यक्रम तासाच्या पुढे जाई. आरंभी अंगरखे घातलेली माणसे मंचावर येऊन झाडू मारत, प्रेक्षक मोजत. बऱ्याच वेळाने त्यांच्यातलेच काही बँडचे वादक निघत. मध्येच बातम्या आणि हवामानाचा अंदाज वाचला जाई, आणि पाणबुड्याच्या पोशाखातील एक इसम मंचावर फिरून जाई. रात्रभर गण, गौळण आणि बतावणी पाहिलेल्या खानदेशी प्रेक्षकाला यात फारसे चमत्कारिक वाटले नसते, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : या अल्बमनंतर काय ऐकावे?
(एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : आधी मागे जाऊन 'ॲक्वालंग' ऐकावा, म्हणजे हे भांडण कशावरून पेटले ते समजेल. १९७३ चा 'अ पॅशन प्ले' हाही एकसंध रचनेचाच अल्बम आहे. समीक्षकांनी त्याला झोडपले तरी अमेरिकेत तो याच अल्बमप्रमाणे पहिल्या क्रमांकावर पोहोचला. माझ्या मते त्यात कारागिरी तितकीच आहे, हसू मात्र कमी आहे, म्हणून तो घाईने हाती घेऊ नये. २०१२ मध्ये अँडरसन यांनी स्वतःच्या नावाने जेराल्डचे पुढे काय झाले असावे यावर दुसरा भाग काढला. तो पहिला भाग पाठ झाल्यावर ऐकला तरी चालेल.