नोटीस 19 दिवसांची, खाण मात्र कायमची: जनसुनावणीत हरकत कशी घ्यावी?

प्रश्न : गावालगतची 4.20 हेक्टरची दगडखाण शेजारच्या गटात वाढवून 7.80 हेक्टर करणार आहेत. जनसुनावणी 28 तारखेला आहे. तिची जाहिरात 9 तारखेला एका इंग्रजी दैनिकात तेवढी आली. सुनावणीवर बहिष्कार टाकावा, असे गावात ठरत आहे. योग्य होईल का?

उत्तर : बहिष्कार टाकू नका. जनसुनावणीला गणपूर्तीची अट नाही. मंडप रिकामा असला तरी सुनावणी उरकता येते, आणि कागदावर मग गावाची एकही हरकत उरत नाही.

नोटिशीबाबत तुमची बाजू भक्कम आहे. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या (प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल, या अभ्यासाच्या) 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार सूचना एका प्रमुख राष्ट्रीय दैनिकात आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात द्यावी लागते, आणि लोकांना किमान 30 दिवस मिळावे लागतात. तुम्हाला मिळाले 19, तेही मराठी जाहिरातीविना. हे दोन मुद्दे लिहून, जाहिरातीचे मूळ कात्रण जोडून, जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक अधिकारी यांना आजच अर्ज द्या. मागणी एकच : पूर्ण मुदतीची नवी सूचना काढा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच नसलेला अर्ज राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालतात तिथे, अर्जच नसतो.

पण नुसते नोटिशीवर भांडलात तर फार तर नवी तारीख मिळेल. म्हणून तारीख बदलो न बदलो, 28 ला लेखी हरकती घेऊन जा आणि पहिल्याच ओळीत ‘अपुऱ्या नोटिशीबाबतची हरकत कायम ठेवून’ असे लिहा. ‘धुळीचा त्रास होतो’ याला वजन नाही. खाणीच्या कडेपासून सर्वांत जवळच्या घराचे मोजलेले अंतर, विहिरींचे गट नंबर, सुरुंगांच्या तारखा-वेळा, तडे गेलेल्या भिंतींचे तारखेसह फोटो, यांना आहे. आधीच्या पर्यावरण मंजुरीच्या अटी कितपत पाळल्या, याचे सहामाही अनुपालन अहवाल माहिती अधिकारात मागा. उत्तर 28 च्या आत येणार नाही, पण पुढच्या लढ्यात तेच कामी येतात. विस्ताराच्या पर्यावरण आघात अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि जिल्हा उद्योग केंद्रात पाहता येतो.

सुनावणी संपली की लोक उठतात, आणि चूक तिथेच होते. इतिवृत्त त्याच वेळी मराठीत वाचून दाखवणे बंधनकारक आहे. तुमच्या वीस मुद्द्यांचे ‘ग्रामस्थांनी रोजगाराची मागणी केली’ एवढेच झाले असेल तर तिथेच लेखी आक्षेप द्या. छत्तीसगडमधल्या गारे कोळसा खाणीची मंजुरी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2012 मध्ये रद्द केली, ती जनसुनावणी नियमाप्रमाणे झाली नाही म्हणूनच.

तरीही मंजुरी मिळाली, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम 16 खाली न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या खंडपीठात 30 दिवसांत अपील करा. सबळ कारण असल्यास आणखी 60 दिवस मिळतात; त्यानंतर विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणालाही नाही. तहसीलदारांच्या उत्तराची वाट पाहत हीच मुदत हातची जाते. म्हणून पर्यावरण मंजुऱ्यांचे अर्ज आणि निर्णय जिथे दिसतात ते केंद्र सरकारचे परिवेश पोर्टल दर आठवड्याला पाहत राहा.

आणखी एक. विरोध वाढला की मालक विस्ताराचा अर्ज मागे घेऊन 3.60 हेक्टरचा वेगळा खाणपट्टा दुसऱ्याच नावाने मागतो, कारण 5 हेक्टरपर्यंतच्या सुट्या पट्ट्याला सहसा जनसुनावणी लागत नाही. तसे झाल्यास दोन्ही पट्ट्यांच्या हद्दींतले अंतर मोजा. ते 500 मीटरच्या आत असेल तर क्षेत्र एकत्र धरावे लागते, आणि तुमच्याकडे ही बेरीज 7.80, म्हणजे 5 हेक्टरच्या वर भरते.