पहिल्यांदाच शेतातल्या भाजीचा वाटा घेताय?

वाटा म्हणजे शेतकऱ्याच्या हंगामभराच्या भाजीतला आपला हिस्सा, तो पिशवी-पिशवीनं घरी येत राहतो. पहिल्या हंगामात अर्धाच वाटा घ्या. पूर्ण वाटा हिशेबात परवडतो, पण भर हंगामात फ्रीज पुरत नाही आणि भाजी सडताना बघवत नाही. पैसे बहुतेक ठिकाणी आगाऊ द्यावे लागतात. गारपीट झाली, कीड पडली, तर पिशवी हलकी येणार. हे पटत नसेल तर सरळ बाजारातून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

पिशवी घरी आली की आधी मुळा, गाजर, बीट यांचा पाला कापून वेगळा करा. तो तसाच राहिला तर आतलं पाणी ओढून घेतो आणि गाजरं लिबलिबीत होतात. (पाला फेकू नका हं, मुळ्याचा आणि बीटचा तर भाजीला छान.) पालेभाज्या लगेच धुवू नका, कोरड्या कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्यात त्याच आधी संपवा. टोमॅटो बाहेरच. कांदे आणि बटाटे वेगवेगळे.

स्वयंपाकाचा बेत पिशवी उघडल्यावरच ठरवा. एखादी भाजी घरात खपतच नसेल तर शेतकऱ्याला मोकळेपणानं सांगा, पुढच्या पेरणीआधी सांगितलंत तर त्यांनाही उपयोग होतो.