पार्श्वसंगीत : मागचं की बाजूचं?

अंबाजोगाईहून आलेला प्रश्न असा : वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी जुन्या चित्रपटांच्या संगीतावर लेख लिहिला. त्यात ‘या गाण्याचं पार्श्वसंगीत अप्रतिम आहे’ असं एक वाक्य होतं. मजकूर तपासणाऱ्यानं ‘गाण्याला पार्श्वसंगीत नसतं’ म्हणून ते खोडलं. गायकाच्या मागं वाद्यं वाजतच असतात, मग ते पार्श्वसंगीत का नाही? आणि नसेल तर त्याला म्हणायचं काय?

खोडणाऱ्याचं बरोबर आहे. चित्रपटाच्या धंद्यात या शब्दाचा अर्थ पक्का आहे. दृश्याखाली वाजतं ते पार्श्वसंगीत : संवादाखाली, पाठलागाखाली, कुणी नुसतं खिडकीतून बाहेर बघत असेल त्याच्याखाली. वादक मंडळी त्याला नुसतं ‘बॅकग्राउंड’ म्हणतात. गाण्यातली वाद्यं हा गाण्याचाच भाग. ही दोन कामं वेगळी आहेत आणि कित्येकदा ती करणारी माणसंही वेगळी असतात. ५७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत, म्हणजे २००९च्या चित्रपटांसाठी, गाण्यांच्या संगीताचा पुरस्कार अमित त्रिवेदींना आणि पार्श्वसंगीताचा इलयाराजांना मिळाला, तोही वेगवेगळ्या चित्रपटांसाठी. बी. आर. चोप्रांच्या ‘कानून’मध्ये (१९६०) तर एकही गाणं नाही, तरी संगीत म्हणून सलील चौधरींचं नाव आहे. ते नाव कशासाठी, याचं उत्तर म्हणजेच पार्श्वसंगीत. लेखात दोन्ही एक केलं तर श्रेय भलत्याच माणसाला जातं. चूक नुसत्या शब्दाची राहत नाही.

आता घोळ होतो कुठं, ते बघू. संस्कृतात ‘पर्शु’ म्हणजे बरगडी आणि ‘पार्श्व’ म्हणजे बरगड्यांची जागा, कूस, बाजू. आपल्याकडं ‘बगलेला बस’ म्हणतात, त्यातली बगल. मूळ शब्दात ‘मागे’ कुठंच नाही. मराठीत मात्र तो सरकत सरकत मागं गेला. ‘पार्श्वभाग’ म्हटल्यावर कुणाला बरगडी आठवत नाही, हे सांगायला नको. मग इंग्रजीतल्या ‘बॅकग्राउंड’साठी ‘पार्श्वभूमी’ आली आणि तिच्याच मागोमाग पार्श्वसंगीत.

‘पार्श्वगायना’ची गोष्ट याहून मजेची. ‘प्लेबॅक’मधल्या ‘बॅक’चा अर्थ ‘मागे’ नाही, ‘परत’ आहे. गाणं आधी ध्वनिमुद्रित करायचं, चित्रीकरणाच्या जागी ते परत वाजवायचं आणि नटानं त्यावर ओठ हलवायचे. न्यू थिएटर्सच्या ‘धूप छाँव’पासून (१९३५) हिंदीत ही पद्धत सुरू झाली. मराठीत येताना ‘परत’चं ‘पार्श्व’ झालं आणि गायक पडद्यामागं जाऊन उभा राहिला. म्हणजे बॅकग्राउंडमधला ‘बॅक’ आणि प्लेबॅकमधला ‘बॅक’, अर्थ वेगळे असूनही आपल्याकडं एकाच ‘पार्श्वा’त कोंबले गेले. त्यामुळंच वाचणाऱ्याला वाटतं की पार्श्वगायकाच्या मागं जे वाजतं ते पार्श्वसंगीत. तर्क चुकीचा नाही, शब्दानंच फसवलं.

मग गाण्यातल्या वाद्यांना काय म्हणायचं? सगळं मिळून ‘वाद्यमेळ’ हा चांगला शब्द आहे. कोणतं वाद्य कुठं, किती, कोणासोबत हे ठरवण्याच्या कामाला ‘संगीत संयोजन’ आणि ते करणाऱ्याला संयोजक किंवा सरळ अरेंजर. शंकर-जयकिशन यांच्याकडं हे काम सेबॅस्टियन डिसूझा करत. मुखड्याआधीचा तुकडा, मुखडा आणि अंतऱ्यामधला तुकडा, दोन अंतऱ्यांमधला तुकडा यांना ऑर्केस्ट्रावाले ‘पीस’ म्हणतात, नाहीतर ‘पहिलं म्युझिक, दुसरं म्युझिक’. लेखात ‘दोन अंतऱ्यांमधला व्हायोलिनचा पीस’ असं लिहिलं तरी चालेल. त्यासाठी ‘अंतर्वादन’ वगैरे घडवत बसू नये. गायक गात असताना त्याच्या चालीला समांतर जाणारी दुसरी धून असते, तिला ‘काउंटर’ हाच शब्द रुळला आहे. ‘समांतर धून’ म्हटलं तरी वाचकाला कळतं.

‘साथ’ हा शब्द मात्र इथं जपून वापरावा. साथ गायकाची असते. पेटीवाला कीर्तनकाराला साथ देतो, दृश्याला नाही. फरक कानानं पटवायचा असेल तर गोंधळ आठवा. पद चालू असताना संबळ आणि तुणतुणं देतात ती साथ. पद थांबतं, नाईक आख्यान सांगू लागतो, संबळ खाली उतरतो आणि बोलण्याच्या बगलेनं चालत राहतो, प्रसंग चढला की उसळतो. तो दुसरा संबळ पार्श्वसंगीताचं काम करतो. वाद्य तेच, वाजवणारा तोच, भूमिका बदलली.

या मोजमापानं एक प्रसंग जवळून पाहा. सत्यजित राय यांच्या ‘पाथेर पांचाली’त (१९५५) हरिहर खूप दिवसांनी घरी येतो. मुलगी दुर्गा गेली, हे त्याला माहीत नाही. आणलेल्या वस्तू तो एकेक दाखवतो, तिच्यासाठी आणलेली साडी पुढं करतो, आणि त्याची बायको सर्वजया फुटते. तिचं तोंड उघडं दिसतं, पण रडणं ऐकू येत नाही. त्या जागी वरच्या सप्तकात तारशहनाई वाजते. नावात शहनाई असली तरी हे फुंकायचं वाद्य नव्हे. गजानं वाजवायच्या इसराजला आवाज मोठा करणारा कर्णा जोडला की तारशहनाई होते. वादक दक्षिणामोहन टागोर, संगीत रविशंकर यांचं, राग पटदीप : गंधार कोमल, निषाद शुद्ध. ‘मर्मबंधातली ठेव ही’ ज्यांच्या कानात आहे त्यांना हा राग लगेच ओळखू येईल. इथं संगीत दृश्याच्या मागं उभं नाही. ते माणसाच्या आवाजाच्या जागेवर येऊन बसलं आहे. अशा वेळी ‘पार्श्व’चा जुना अर्थ, बाजू, कूस, जास्त खरा वाटतो. हा शब्द बदलावा असं मला वाटत नाही ते म्हणूनच.

रसग्रहणाला उपयोगी पडेल असा आणखी एक भेद. वाजतंय ते पात्राला ऐकू येतंय का? ‘शोले’त (१९७५) जय ओसरीवर माउथ ऑर्गन वाजवतो आणि समोर राधा दिवे मालवत असते. वाद्य पात्राच्या हातात आहे, म्हणजे ते कथेतलं संगीत. (प्रत्यक्ष वाजवलं भानू गुप्तांनी.) तीच धून वाजवणारा समोर नसताना आली, तर ती कथेबाहेरची, म्हणजे पार्श्वसंगीत, आणि ती आठवण म्हणून आली आहे. यासाठी ‘कथेतलं’ आणि ‘कथेबाहेरचं’ एवढे दोन शब्द पुरेत. पाठ्यपुस्तकी जड शब्द स्मरणिकेत घालू नयेत.

लिहिण्याआधी ऐकायचं कसं? तीन-चार मिनिटांचा एकच प्रसंग घ्या. आधी आवाज बंद करून पाहा, मग डोळे मिटून ऐका, मग दोन्ही एकत्र. वहीत चार रकाने करा : संगीत कधी सुरू, कधी बंद, कोणतं वाद्य, त्या क्षणी पडद्यावर काय. ‘कधी बंद’ हा रकाना सर्वांत जास्त शिकवतो. ‘शोले’तल्या ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्याकांडात झोपाळ्याची करकर जी अंगावर येते, ती तिथं वाद्यं गप्प बसल्यामुळं. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात खर्जातला चेलो, डबल बास जवळजवळ गायब होतो, आणि ‘इथं संगीतच नाही’ असं चुकीचं वाक्य लेखात उतरतं. साधा हेडफोन पुरतो.

वेळ मोजताना जुनं गणित माहीत असलेलं बरं. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, सेकंदाला २४ चौकटी. म्हणजे सेकंदाला दीड फूट, मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचं रीळ साधारण ११ मिनिटं चालतं. पडद्यावर रीळ चालवून समोर वादक वाजवत, तेव्हा तुकड्याची लांबी अशी फुटांत सांगता येई. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एका मात्रेला १२ चौकटी. केरवा तालाचं आठ मात्रांचं आवर्तन चार सेकंदांत, म्हणजे सहा फुटांत बसतं. समजा, दृश्यात एक दार ४० सेकंदांनी उघडणार असेल तर बरोबर दहा आवर्तनं आणि दार समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. दार ४२ सेकंदांनी उघडत असेल तर सम दोन सेकंद आधी पडते. मग लय किंचित उतरवायची, नाहीतर चार मात्रांची भर घालायची. असा ठिगळ कुठं ऐकू आला तर तो वादकाचा चुकार सूर समजू नका.

गाण्याची पट्टी ठरवताना फसगत होते ती चित्रपटाच्या प्रतीमुळं. सेकंदाला २५ चौकटींच्या टीव्ही प्रतीत २४ चौकटींचा चित्रपट तसाच पळवलेला असेल तर तो सुमारे चार टक्के जास्त वेगानं जातो. १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतो आणि सूरही चढतो. पेटीच्या पांढरी एकमधलं गाणं शेजारच्या काळी एकच्या वाटेवर पाऊण अंतर चालून जातं, पेटीवर कोणत्याच पट्टीत नीट बसत नाही. अशा वेळी पेटी दुरुस्तीला नेऊ नका, दुसरी प्रत शोधा. राग ओळखायला मात्र अडचण नाही, कारण सगळे स्वर सारखेच चढतात.

लेखनाबद्दल एक. ‘पाश्र्वसंगीत’ असं रूप छापलेलं वारंवार दिसतं, ते चूक आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार नुसत्या ‘व’वर जाऊन बसतो. अक्षरं अशी : पा, मग र्, श्, व. रफार संपूर्ण ‘श्व’वर येतो. आणि शब्द जोडून लिहायचा, ‘पार्श्व संगीत’ असा तोडून नाही.

खोडलेलं वाक्य आता असं लिहिता येईल : ‘या गाण्याचा वाद्यमेळ सुरेख आहे, दुसऱ्या अंतऱ्याआधीचा व्हायोलिनचा पीस विशेष.’ व्हायोलिनच्या जागी जे वाद्य खरोखर वाजतंय ते घाला. आणि ‘अप्रतिम’ काढलं तरी चालेल.